हवेची दांडी

आधीच सांगून टाकते, शेगडीचा दोष नव्हता. म्हणजे होता, पण तो दुरुस्त झाला होता. जे झालं ते माझ्यामुळे झालं. लेक म्हणते, "आई, असं बोलू नकोस." ती तिथे होती कुठे?

आमच्याकडे लाकडावर चालणारी शेगडी आहे. कंबरेएवढी लोखंडी पेटी, पुढे काचेचं दार, मागून छताबाहेर गेलेलं धुराडं. अख्ख्या घराला ऊब देणारी तेवढी एकच वस्तू. विजेचा हीटर लावला की दिवे जातात, कारण घरातलं वायरिंग आमच्या लग्नाच्याही आधीचं आहे. शेगडीच्या दाराखाली एक दांडी आहे, टोकाला लाकडी मूठ. ती बाहेर ओढली की आतली झडप उघडते, हवा आत जाते आणि जाळ धरतो. आत ढकलली की झडप मिटते, जाळ बसतो आणि लाकूड वाचतं.

ही दांडी आत ढकलणं माझं काम. मला कुणी नेमलं नव्हतं, मीच घेतलं होतं. पेटवायचे आमचे हे, लाकडं घालायचे हे, राख काढायचे हे. पण ह्यांच्या हाताला मोजमाप नाही, असं माझं ठाम मत होतं. हे दांडी ओढून ठेवायचे आणि मी खोलीतून बाहेर जाताना गुडघ्यानं ती आत सारायची. हातात ताटं असोत, कपड्यांचं गाठोडं असो, गुडघा आपलं काम करायचाच. वर तोंड चालू असायचं, "लाकडं काय आकाशातून पडतात?" लेक लहानपणी कमरेवर हात ठेवून माझी हीच नक्कल करायची. हे मात्र पेपरातून मान वर करायचे नाहीत. मी मनात म्हणायची, चला, एका बाबतीत तरी माणूस वळणावर आला.

ह्यांना हॉस्पिटलात नेलं त्याला दोन आठवडे उलटून गेले होते. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात जन्मभर फिटर होते. हाताची बोटं म्हातारपणीही सांडशीसारखी घट्ट, पण फुफ्फुसं कामातून गेली. डॉक्टरबाईंनी मला आणि लेकीला बाहेर पॅसेजमध्ये उभं केलं आणि सांगितलं, "महिने धरून चालू नका. आठवडे धरा." लेक तिथेच भिंतीला टेकून रडली. मला रडू आलं नाही. मी विचारलं, "घरी नेता येईल का?"

येईल म्हणाल्या. पण खोली दिवसरात्र सारखी उबदार हवी, आणि धूर औषधालासुद्धा नको. एक भपकारा आला तरी ह्यांना सोसणार नाही. गुरुवारी सिस्टर घर बघायला येईल. तिनं होकार दिला तर शुक्रवारी गाडी ह्यांना घरी आणून सोडेल. नाही दिला, तर नदीपलीकडे एक केंद्र आहे, बरं न होणाऱ्या आजाऱ्यांना ठेवतात तिथं. तिथली एक खाट ह्यांच्या नावावर लिहून ठेवलेली होती. दोन बस बदलून अडीच तासांची वाट, आणि भेटायला फक्त रविवारी जायचं.

आता ह्यांचं सांगते. ह्या माणसानं उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. भाजीत मीठ पडलं नाही तर तशीच खातील. अंगात घट्ट झालेला स्वेटर दोन हिवाळे वापरतील. त्या दिवशी मात्र मी निघायला उठले तर माझं मनगट धरलं. "मला घरी ने गं. त्या केंद्रात नको. अनोळखी माणसांत मरायचं नाही मला." म्हणाले आणि डोळ्यांतून पाणी. मी हबकलेच. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा ह्यांना मी रडताना बघितलं नव्हतं. म्हटलं, "नेते. नेते म्हणजे नेते."

आणि इकडे घरी शेगडीनं नुसता उच्छाद मांडला होता.

हे हॉस्पिटलात गेल्यापासून ती मेली एकदा धड पेटली असेल तर शपथ. कागद जळायचा, काटक्या जळायच्या, मोठं लाकूड ठेवलं की जाळ घुसमटून खाली बसायचा. दार उघडावं तर धूर सगळा माझ्या तोंडावर. दांडी ओढून पाहिली, ढकलून पाहिली, अर्ध्यात ठेवून पाहिली. ढिम्म फरक नाही. आधी वाटलं लाकडं ओली. वखारवाल्याला चार शब्द सुनावून दुसरी आणली. मग वाटलं राख साठली, म्हणून पेटी तळापासून खरवडून काढली, नाकातोंडात राख. मग पुठ्ठ्यानं वारा घातला, फुंकून फुंकून डोळे सुजले. एकदा तर लाथ घातली. शेगडीला काही झालं नाही, माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. रात्री कोट घालून झोपायची आणि पडल्या पडल्या एकच डोक्यात, की गुरुवार जवळ आला. लेकीला फोनवर म्हटलं तर म्हणाली, "आई, माणूस बोलव ना मग." जसं काही माणसं माझ्या खिशात आहेत! तिघांना फोन केले. एक म्हणाला पुढच्या महिन्यात, एकानं उचललाच नाही, तिसरा मंगळवारी सकाळी दारात उभा राहिला.

मिस्त्री किडकिडीत, चाळिशीचा, गुडघ्याखाली घ्यायला स्वतःची गादी घेऊन आलेला. आल्या आल्या शेगडीकडे बघितलंही नाही, लाकडांकडे गेला. एक उचललं, कुऱ्हाडीनं उभं फोडलं आणि आतली बाजू गालाला लावली.

"कोरडं आहे, मावशी. लाकडाचा दोष नाही."

मग छतावर चढून धुराड्यात लांब दांड्याचा ब्रश घातला. खाली उतरला तेव्हा बादलीत मूठभर काजळी. म्हणाला, "धुराडं स्वच्छच आहे. कुणीतरी नेमानं झाडत होतं." म्हटलं, आमचे हे. मग त्यानं पेपरची पट्टी फाडली, शेगडीच्या दारात धरली, दार लावलं आणि पट्टी ओढली. वरून नाही निघाली, बाजूनं नाही निघाली, खालून अलगद हातात आली. दाराच्या कडेला फट राहू नये म्हणून न जळणारी जाड दोरी बसवलेली असते, ती खाली चपटी झाली होती. त्यानं दोरी बदलली. मला वाटलं, सुटले. पेटवून बघितली, तर पुन्हा तेच. जाळ दोन मिनिटं नाचला आणि लाकूड ठेवताच बसला.

"झालं," मी म्हटलं. "आता म्हणा नवीन घ्या. तेवढंच बाकी आहे."

"थांबा हो, मावशी. डॉक्टरसुद्धा इतक्यात हात वर करत नाहीत."

डॉक्टरचं नाव काढल्यावर मी खिडकीकडे वळले. बिचाऱ्याला काय माहीत. त्यानं काडी ओढून दाराखालच्या भोकापाशी धरली. ज्योत सरळ उभी. "इथून हवा आत ओढली जायला हवी, ज्योत आत झुकायला हवी. दांडी पूर्ण बाहेर आहे ना?"

"दिसतेय की बाहेर."

मग तो जमिनीवर आडवा झाला. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात छोटा आरसा. आरसा इकडून तिकडे फिरवून बघितला. मग पोट हलायला लागलं. हसत होता.

"मावशी, ही दांडी कशालाच जोडलेली नाही."

मला कळेचना. त्यानं मला खाली वाकायला लावलं. दांडी आणि झडप ह्यांना एक पीन जोडते. ती पीन नव्हतीच. दांडी आपली मोकळ्या खाचेत पुढेमागे होत होती, झडपेला तिचा पत्ताही नाही. आणि झडप वेगळी, तारेनं अर्धी उघडी बांधून ठेवलेली. ती तार आता आचेनं जळून तुटली होती, त्यामुळे झडप खाली पडून बंद झाली होती.

"पीन तुटलेली नाही बरं का," मिस्त्री म्हणाला. "काढलेली आहे. आणि दांडी सैल लागू नये म्हणून इथं पितळी चकती घातलीय, कानशीनं घासून. ढकलली की हाताला वाटावं, खरंच झडप मिटतेय. तार बघता खूप वर्षं झाली असणार. काय हात आहे हो! कुणी केलं हे?"

कुणाचा हात असणार? ह्या घरात कानस धरणारा एकच.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतकी वर्षं मी शहाणी गुडघ्यानं रिकामी दांडी ढकलतेय, लाकूड वाचलं म्हणून खूश होतेय, आणि हा माणूस समोर पेपर तोंडावर धरून बसलाय! हसत असेल का त्या पेपरामागे? लेकीला ठाऊक होतं का? लाजेनं कान तापले माझे, तेही परक्या माणसासमोर.

मिस्त्री उठून बसला. "बोला, काय करू? जाड तार घालून झडप पुन्हा अर्धी उघडी बांधून देतो, दहा वर्षं बघायला नको. नाहीतर दांडी जोडून देतो."

त्या क्षणी मी "तार" म्हटलं असतं तर मला आज हे सांगावं लागलं नसतं. पण मी म्हणजे मी. म्हटलं, "जोडा. मी काय कुकुलं बाळ आहे?"

त्यानं नवी पीन घातली. पेटवली तर काय सांगू, जाळ असा उभा राहिला की खोली उजळली. दांडी ढकलली की बसला, ओढली की उठला. जाताना मिस्त्री दारात थांबला. "मावशी, आता ही खरी झाली हं. आत जळतं लाकूड असताना पूर्ण ढकलायची नाही. आणि चुकून घुसमटलीच तर दार उघडू नका. आधी दांडी ओढा, पाच मिनिटं थांबा, वाट मोकळी होऊ द्या. घाईनं दार उघडलंत तर सगळा धूर घरात."

"कळलं हो, कळलं. एकदा सांगितलेलं कळतं मला."

बुधवारी हॉस्पिटलात गेले ती भांडायच्या तयारीनंच. कोट न काढता खाटेपाशी उभी राहिले आणि विचारलं, "पीन कुठं टाकलीत?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढंसं तोंड झालेलं, त्यात हसू आलं. "सापडलं का तुला?"

"किती वर्षं झाली?"

"लेक सहावीत होती."

आणि मला तो हिवाळा आठवला. रोज सकाळी लेक डोकं धरून उठायची, दोनदा उलटीही झाली. हे म्हणाले होते, शेगडीची हवा बंद करू नकोस, विषारी वायू घरात साठतो. मी म्हटलं होतं, वायूबियू काही नाही, शाळा बुडवायची नाटकं आहेत, आणि लाकडं संपत आली ती कोण आणणार? भांडण झालं. म्हणजे मी भांडले. चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी हे म्हणाले, "बरं बाई, ढकल तू." मला वाटलं, जिंकले. लेकीचं डोकं दुखणंही त्यानंतर थांबलं. मी तर सगळ्यांना सांगत सुटले होते, बघा, नाटकंच होती.

"मला सांगायचं होतंत," मी म्हटलं.

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं! म्हणून काय झालं? तुम्हीपण भांडायचं होतंत. सगळे नवरे भांडतात."

"मला नाही जमत तुझ्याशी भांडायला." एवढं बोलून दम लागला. मी पाणी दिलं, पाठीला हात लावून बसवलं. नुसती हाडं. थोड्या वेळानं म्हणाले, "शुक्रवारी नेशील ना?"

राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, "शेगडी झाली. खिडकीसमोर खाट लावलीय. उद्या सिस्टर येईल, सही करेल, परवा तुम्ही घरी." ह्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मग आज झोप लागेल." मी वॉर्डातून निघाले ते पाय जमिनीला लागत नव्हते.

गुरुवारी सहाला शेगडी पेटवली. दांडी अर्धी बाहेर, मिस्त्रीनं सांगितल्यासारखी. दहाला खोलीत अंगावर स्वेटर नको अशी ऊब. चादरी घातल्या, औषधं ठेवायला स्टूल आणलं, न्हाणीघरात धरायला लेकीनं बसवून घेतलेली नळी दहा वेळा हलवून बघितली. अकराला सिस्टर आली. तरुण, बुटकी, हातात वही, बोलायला गोड पण नजर चहूकडे. तिनं खाट दाबून बघितली, दाराची रुंदी मापली, न्हाणीघर बघितलं. मग पिशवीतून वितीएवढं यंत्र काढून ह्यांच्या उशाशी ठेवलं.

"अर्धा तास हे इथं राहू दे, काकू. ऊब किती, धूर किती, हवेत वायू किती, सगळं सांगतं."

मी त्या यंत्राकडे बघत बसले. हिरवा दिवा होता. वीस मिनिटं झाली तरी हिरवाच. सिस्टर खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "किती छान दिसतं हो इथून. काकांना बरं वाटेल." वही उघडून तिनं पेन काढलं. "दहा मिनिटं राहिली, तोवर बाकीचं लिहून टाकते."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "चहा टाकते तुला." मनात आलं, सही होईपर्यंत ऊब कमी व्हायला नको, म्हणून दोन चांगली जाड लाकडं निखाऱ्यांवर ठेवली, दार नीट लावलं आणि स्वयंपाकघरात गेले. कपबश्या काढल्या, एक बशी टवके उडालेली होती ती ठेवून दुसरी काढली. पाणी उकळायला लागलं. लेकीला फोन करून काय काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते.

"काकू, ही काच काळी का झाली?"

मी धावले. आत जाळ नव्हता. पिवळट, दाट धूर काचेमागे गरागरा फिरत होता. मी खाली बघितलं. दांडी आत होती, पूर्ण आत.

मी ढकलली होती. कधी, ते मला आजही आठवत नाही. लाकडं ठेवली, उठले, वळले, एवढंच आठवतं. मधे गुडघ्यानं काय केलं ते गुडघ्यालाच ठाऊक. लेक सहावीत होती तेव्हापासून तो हेच करत आला होता आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण बिघडू नये अशी व्यवस्था ह्यांनी करून ठेवली होती.

मिस्त्रीनं सांगितलं होतं, दार उघडू नका. मला कळलं होतं. एकदा सांगितलेलं मला कळतं! पण समोर सिस्टर उभी, तिच्या हातात पेन, आणि आत धूर. माझं डोकंच चालेना. मी दांडी ओढायची सोडून दार खस्सकन उघडलं.

धूर आत कोंडून बसलेलाच होता. भसकन अंगावर आला, छताला लागला, खाली उतरला, ह्यांच्या नव्या चादरीवर पसरला. आत एकदम भडका उडाला आणि निखारे फरशीवर आले. ते यंत्र किंचाळायला लागलं. सिस्टर खोकत खोकत खिडकीकडे गेली, काच उघडली, मला दंडाला धरून बाहेर पायऱ्यांवर आणलं. तेवढ्यातही तिनं आधी मला विचारलं, "तुम्हाला भाजलं नाही ना, काकू?"

थंडीत आम्ही दोघी उभ्या. आतून ते यंत्र चालूच. मी तिचे हात धरले. म्हटलं, "बाळा, शेगडी ठणठणीत आहे. मिस्त्रीला विचार, फोन लावून देते. चूक माझी झाली. सवयीनं ढकलली गेली दांडी. वीस मिनिटं तू स्वतः बघितलंस ना, हिरवा दिवा होता."

"बघितलं ना."

"मग ते लिही की."

तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. धुरानं असेल, किंवा नसेल. म्हणाली, "काकू, शेगडी बिघडली असती तर दुरुस्त करून घ्या म्हटलं असतं, उद्या सकाळी परत आले असते. पण घरात काकांजवळ तुम्हीच असणार. सवयीला मी काय लिहू?"

"दांडी काढून टाकते. आत्ता काढते, कुऱ्हाडीनं तोडते. पुन्हा तार बांधून घेते."

"बांधून घ्या. पण आज जे झालं ते मला लिहावं लागेल. पुन्हा तपासणी तीन आठवड्यांनी होते."

तीन आठवडे. आम्ही दोघींनीही डॉक्टरबाईंनी काय सांगितलंय ते उच्चारलं नाही. तिनं आत जाऊन निखारे गोळा केले, यंत्र बंद केलं, वही मिटली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला. तिचा काय दोष होता? पण झटकला.

दुपारी तीनला भेटीची वेळ. बसमध्ये माझ्या कपड्यांना धुराचा वास येत होता, शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. ह्यांची दाढी कुणीतरी करून दिली होती. उद्या घरी जायचंय म्हणून ह्यांनीच सांगितलं असणार. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. लाकडं, चहा, गुडघा, दार. काही लपवलं नाही. म्हटलं, "माझ्यामुळे झालं. मी तुम्हाला घरी नेऊ शकत नाही."

ह्यांनी छताकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. देवाशपथ सांगते, मला हवं होतं ते ओरडणं. मला शिव्या घाला, म्हणा की जन्मभर तुझा हेका चालवलास आणि शेवटी माझं घर घालवलंस. मी ऐकून घेतलं असतं. एक शब्द उलटून बोलले नसते.

"असू दे," हे म्हणाले. "बरंच झालं एका अर्थी. मी विचारच करत होतो. घरी तुझी फार ओढाताण झाली असती. त्या केंद्रात सगळी सोय असते म्हणे. समोरच्या खाटेवरचे सांगत होते, जेवणही चांगलं असतं."

काल झोप लागेल म्हणालेला माणूस हाच.

"खोटं बोलू नका," मी म्हटलं.

"खोटं कशाला? मला खरंच चालेल तिथं."

"अहो, भांडा माझ्याशी!" मी उठून उभी राहिले, वॉर्डातली सगळी माणसं बघायला लागली. "एकदा तरी भांडा! जन्मभर असंच केलंत. वाटेल ते सोसायचं आणि मला म्हणायचं, चालतंय. मग मला कळणार कसं? मी शिकणार कधी?"

ह्यांना खोकला सुटला. असा सुटला की ओठ निळे झाले. वॉर्डातली सिस्टर धावत आली, माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, ह्यांना उठवून बसवलं, वाफ दिली. खोकला थांबायला बराच वेळ लागला. मी पायथ्याशी गुन्हेगारासारखी उभी. सिस्टर गेल्यावर ह्यांनी हातानंच जवळ बोलावलं. आवाज फुटत नव्हता, मी कान तोंडाशी नेला.

"खरंच बरं वाटेल मला तिथं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

ते डोळे माझ्याकडे बघत होते, मी काय म्हणते म्हणून. आता आणखी भांडले असते तर पुन्हा खोकला आला असता. मी जन्मात पहिल्यांदाच तोंड आवरलं. हसले. म्हटलं, "हो का? मग काळजीच मिटली. मी उगाच जीवाला घोर लावून घेतला."

"तेच तर सांगतोय," हे म्हणाले.

मग त्यांनी कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. पांघरुणाखाली खांदे हलत होते. आवाज नव्हता. मी पाठीवर हात ठेवला, त्यांनी तो काढला नाही, पण वळलेही नाहीत. भेटीची वेळ पाचला संपते, त्या दिवशी मला कुणी उठवलं नाही.